सांगणाऱ्याची चूक

पष्टेभाऊ कुणालाही भेटले की आधी त्याचं कोपर धरायचे. नमस्कार नाही, खांद्यावर थाप नाही. समोरच्याचा हात अलगद वाकवायचा, कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेत दोन बोटं ठेवायची आणि मग विचारायचं, "काय, बरं हाय ना?" लोकांना वाटायचं, माणूस फार जिव्हाळ्याचा आहे. तसे ते होतेच, पण ती दोन बोटं त्या वेळी काम करत असत. त्या खाचेतून एक नस जाते. कुष्ठरोगात ती पुष्कळदा दोरीसारखी जाड होते, कधी कधी अंगावर नजरेत भरण्याजोगं काही दिसण्याआधीच. भाऊ सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर सायकलने फिरून चट्टे शोधायचे, गोळ्या सुरू करायच्या आणि त्या संपेपर्यंत माणसाची पाठ सोडायची नाही, हे त्यांचं काम. लग्नात आहेर देतानाही ते नवऱ्या मुलाचं कोपर धरत. एकदा एका वराचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायका कुजबुजायच्या थांबल्या. भाऊंनी हसून हात सोडला आणि म्हणाले, "दांडगा हाय गडी." त्यांच्या मागे लोक त्यांना चट्टेभाऊ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

माझी त्यांची गाठ नव्वदीचं दशक संपता संपता पडली. मी मूळची सापगावची. शहापुरात शिकले, मग मुंबईला गेले आणि तिथल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले. माझ्या मार्गदर्शक बाईंना कुष्ठरोग्यांचं रक्त हवं होतं, उपचाराआधीचं आणि नंतरचं. मी त्या भागातली, मला बोली येते, म्हणून मला पाठवलं. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी मला भाऊंच्या हवाली केलं. भाऊंनी माझं कोपर धरलं, खात्री करून सोडलं आणि विचारलं, "कोनाची गो तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यानंतर मी त्यांची 'बाय' झाले, आणि शेवटपर्यंत तीच राहिले.

त्यांच्या पिशवीत कोंबडीचं एक पीस असे. रुग्णाला डोळे मिटायला सांगून ते पिसाने त्याच्या अंगाला हळूच शिवत आणि कुठे शिवलं ते बोटाने दाखवायला सांगत. चट्ट्यावर शिवलं तर बोट हलत नसे. ते न हललेलं बोट पाहून भाऊंचा चेहरा कधी बदलला नाही. ते पुढे दुसरीकडे शिवत, तिसरीकडे शिवत, जणू काही सापडलंच नाही. मग घरातल्या बाकीच्यांनाही डोळे मिटून बसवत. म्हातारीला, दिराला, शेजारून डोकावणाऱ्या बाईलाही. सगळं घर डोळे मिटून बसलेलं आणि भाऊ पीस घेऊन एकेकापुढे उकिडवे, हे दृश्य मी कितीतरी ओट्यांवर पाहिलं. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटे. मला रक्त वेळेत बर्फात घालून मुंबईला पोचवायचं असे.

पहिल्या भेटीत ते रोगाचं नाव कधीच घेत नसत. दुसऱ्या भेटीत म्हणत, चट्टा आहे, गोळ्यांनी जाईल. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, घरातल्या ज्या माणसाची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटे त्याच्याच हातात गोळ्यांचं पाकीट देत. बहुतेक वेळा ती सासू असे. "गोळ्या तुमी संबाळा. ती इसरंल, तुमी नाय इसरणार." एकदा गोळ्या सांभाळायला लागली की म्हातारी त्या सुनेची राखणदार होऊन जाई. मग कधीतरी, पाचव्या-सहाव्या महिन्यात, चहा पिता पिता रोगाचं खरं नाव निघे. तोवर चट्टा फिका पडलेला असे, आणि नाव ऐकून घर हादरत नसे.

शेणव्याच्या एका करंजाखाली जीपची वाट पाहत बसलो असताना त्यांनी मला विचारलं, हे रक्त नेऊन तुम्ही करता काय? मी काटकी घेतली आणि मातीत एक पेशी काढली, चहूकडे फांद्या फुटलेली. सांगितलं की जंतू एकच, पण तो एकाच्या अंगात गेला तर दोन-चार कोरडे चट्टे येतात आणि दुसऱ्याच्या अंगात गेला तर गाठी उठतात, भुवया झडतात, सगळं अंग जंतूंनी भरतं. फरक जंतूत नाही, शरीर काय उत्तर देतं त्यात आहे. या फांद्यांच्या पेशी, डेंड्रिटिक पेशी, कातडीत आणि नाकाच्या अस्तरात बसलेल्या असतात. जंतू आला की त्याला गिळतात, त्याचा तुकडा अंगावर मिरवत जवळच्या गाठीपर्यंत चालत जातात आणि तिथे बसलेल्या कोऱ्या मदतनीस पेशीला, टी पेशीला, तो दाखवतात.

"म्हंजे पायात काटा मोडला की जांघंत अवधाण येतं, तिथं," भाऊ म्हणाले.

तिथंच, मी म्हटलं. पण नुसता तुकडा दाखवून भागत नाही. सोबत एक दुसरी खूण द्यावी लागते, आणि काही रसायनं सोडावी लागतात. एक रसायन सोडलं तर मदतनीस पेशी अशी तयार होते की ती जंतू पोटात घेऊन बसलेल्या पेशींना चेतवते आणि जंतू मरतो. दुसरं सोडलं तर ती वेगळ्याच लढाईची तयारी करते, जिचा या लपून राहणाऱ्या जंतूपुढे काही उपयोग नसतो. आणि खूण दिलीच नाही तर ती गप्प होते, मग कितीही हलवा, जागची उठत नाही.

भाऊंनी मातीतल्या चित्रावर बोट टेकवलं. मग त्यांनी विचारलं, "चोर तोच. लढनारा पन तोच. मंग रोग पसरला तर चूक कोनाची? लढनाऱ्याची का सांगनाऱ्याची?"

मी म्हटलं, आम्ही तेच शोधतो आहोत, पण मला वाटतं, सांगणाऱ्याची. भाऊंनी मान हलवली. त्यांना यात नवं काही वाटलं नसावं.

त्याच पावसाळ्यात एकदा ते आमच्या सापगावच्या घरी आले. भिजले होते. आईने त्यांना ओटीवर बसवलं आणि चहा दिला, तो कानतुटक्या कपात. तो कप आमच्याकडे फळीवर वेगळा ठेवलेला असे, मला लहानपणापासून माहीत होतं. मला हेही माहीत होतं की भाऊंना रोग नाही, आणि असता तरी तो कपातून लागत नाही. या एका विषयाचं शिक्षण घ्यायला मी घर सोडलं होतं. मी दारात उभी होते आणि काही बोलले नाही. भाऊ चहा प्यायले, आलं छान घातलंय म्हणाले, मग उठून पागोळ्यांखाली कप स्वतः धुतला आणि ओटीच्या कडेला पालथा ठेवला. आईला उचलताना अडचण वाटू नये, अशा बेताने. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले, तेव्हाही बोलले नाही. ते माझ्याशी भाताच्या आवणीबद्दल बोलत राहिले.

त्यांच्याकडे शंभर पानी वह्या होत्या, शाळेच्या मुलांच्या असतात तशा. रुग्णासमोर ते काही लिहीत नसत. पाड्याबाहेर येऊन, सायकल झाडाला टेकवून लिहीत. त्या वह्यांत गोळ्यांच्या तारखा होत्याच, पण शिवाय पुष्कळ काही होतं. कुणाला कधी ताप आला, कुणी कधी काम बदललं, कोण कधी बाळंत झाली. एके दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि बोटाने दाखवत गेले. ही बाई, पोटुशी होती तोवर चट्टे शांत. बाळंत झाली आणि दोन महिन्यांच्या आत चट्टे सुजले, कोपर दुखायला लागलं, बोटातली ताकद गेली. हीसुद्धा तशीच. तिसरीही. "पोटात पोर असतं तवर अंग गप ऱ्हातं. पोर भाईर आलं की अंगाला रोगाची याद येते."

हे वैद्यकाच्या पुस्तकांत होतं, मला नंतर सापडलं. पण माझ्या डोक्यात ते भाऊंच्या वहीने घातलं. गरोदरपणात शरीर पोटातल्या बाळावर तुटून पडत नाही, कारण सांगणाऱ्या पेशी तेव्हा सबुरीचा निरोप देत असतात. बाळंतपणानंतर निरोप बदलत असेल, तर तो बदल एकाच बाईच्या रक्तात, आधी आणि नंतर, प्रयोगशाळेतल्या बशीत पाहता येईल. मी वही रात्रभरासाठी मागून घेतली आणि सगळी उतरवून काढली. मार्गदर्शक बाई खूष झाल्या. ही कल्पना कुठून सुचली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रुग्णांशी बोलता बोलता.

सुमन आम्हाला शेणव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर मिळाली. वीस-एकवीस वर्षांची, पाचवा महिना, पाठीवर आणि उजव्या दंडावर चट्टे. नवरा बाळाराम आसनगावला एका कारखान्यात कामाला. सासरा होता, पण घर सासूच्या ताब्यात. जनीबाई तिचं नाव, कडक बाई. तिनं पहिल्या दिवशी भाऊंना पाणीही विचारलं नाही. भाऊ तिच्यामागे लागले. तिचंच कोपर तपासलं, तिच्या गुडघ्यांना तेल सुचवलं, आणि पुढच्या खेपेला सुमनच्या गोळ्या तिच्या हातात दिल्या. जनीबाई त्या आपल्या लोखंडी पेटीत ठेवायला लागली. गोळ्यांनी सुमनची कातडी तांबूस काळी पडली, शेजारणी विचारू लागल्या, तेव्हा जनीबाईच सांगायची की औषध आहे, उतरेल. रोगाचं नाव अजून निघालं नव्हतं. "बाळंतपन होऊ दे. पोराचं बारसं झालं, सासू हसली, की सांगू," असं भाऊंचं ठरलं होतं. सुमनला मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं होतं, आणि रक्त द्यायला ती आपणहून तयार झाली होती.

सातव्या महिन्यात मी तिचं रक्त घेतलं, भाऊ सोबत असताना. त्या घराला वाटलं, गोळ्यांबरोबरची नेहमीची तपासणी. मुलगा झाला. दुसरं रक्त बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात घ्यायचं होतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात भाऊंना ठाण्याला प्रशिक्षणासाठी बोलावलं. जाताना ते मला म्हणाले, "गुरवारी येतो. तवर त्या घरला जाव नको." मी हो म्हटलं.

मंगळवारी मार्गदर्शक बाईंचा फोन आला. पेशी वाढवायची रसायनं परदेशातून आली होती आणि एकदा उघडली की टिकणार नव्हती. सहावा आठवडा संपत आला होता. मी थांबू शकत होते, गुरुवार सहाव्या आठवड्यातच पडत होता. पण मला शुक्रवारी कामाचा आढावा द्यायचा होता आणि त्यात सुमनचं रक्त सुरू केलेलं दाखवायचं होतं. मी गेले.

पांढरी जीप होती, दारावर संस्थेचं नाव. अंगणात थांबली तेव्हा बाळाला बघायला चार-पाच शेजारणी आलेल्या होत्या. मी ओट्यावर बसले आणि दुसऱ्या रक्तासाठीचं संमतीपत्र काढलं. एरवी भाऊ आधी बोलून घेत आणि कागद सगळ्यात शेवटी, रुग्ण एकटा असताना निघे. मी तो सरळ वाचायला घेतला, मोठ्याने, कारण नियम तसा होता असं मला वाटत होतं. पहिल्याच ओळीत कुष्ठरोग हा शब्द होता.

जनीबाईने विचारलं, "कोनाला झालाय?"

तेव्हाही मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी तिला नीट समजावून सांगितलं. सुमनला झाला आहे, पण घाबरायचं कारण नाही, गोळ्या सुरू झाल्या की तो दुसऱ्याला लागत नाही, तो कुणाच्या पापाने होत नाही, बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही, तो पूर्ण बरा होतो. मी बोललेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेजारणींपैकी एकजण उठली आणि मांडीवरचं बाळ तिनं खाली गोधडीवर ठेवलं. मग बाकीच्या उठल्या. जनीबाईने एवढंच विचारलं, "पेटीत हायत त्या ह्याच गोळ्या?" मी हो म्हटलं. सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही. हात पुढे केला. मी रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि जीपमध्ये बसले. रक्त वेळेत पोचलं.

बुधवारी सासरच्यांनी सुमनला तिच्या माहेरी खर्डीकडच्या पाड्यावर नेऊन सोडलं. मूल ठेवून घेतलं.

गुरुवारी दुपारी भाऊ सापगावला आले. मी आढाव्याचे कागद घ्यायला घरी आले होते. ते आत आले नाहीत. सायकल धरून फाटकाबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "काय काय सांगलंस ते सांग. जसंच्या तसं." मी सांगितलं. मी थांबले तेव्हा त्यांनी हँडलवरची पिशवी नीट केली.

"समदं खरं सांगलंस गो," ते म्हणाले, आणि खर्डीच्या रस्त्याला लागले.

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

दोन आठवड्यांनी कचेरीत चौकशी झाली. सुमनच्या सासऱ्याने गावातली माणसं बरोबर घेऊन तक्रार केली होती. कर्मचाऱ्याने रोग घरापासून लपवून ठेवला, आणि मग गाडी पाठवून चारचौघांत घराची अब्रू घालवली. मला आणि माझ्या मार्गदर्शक बाईंना बोलावलं होतं. जीपमध्ये बाई मला म्हणाल्या, तू काही बोलू नकोस, परवानगी रद्द झाली तर तीन वर्षांचं काम जाईल, मी बघते. त्यांना काही बघावं लागलं नाही. साहेबांनी विचारलं, मंगळवारी त्या घरी जायला कुणी सांगितलं होतं? भाऊ टेबलाच्या पलीकडे उभे होते, टोपी हातात.

"मीच सांगलं व्हतं, साहेब. माजी चूक झाली."

खोलीत सात-आठ माणसं होती. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी माझ्या वहीकडे पाहत बसले. वहीत त्या पानावर काही नव्हतं. मला वाटत राहिलं, आता भाऊ माझ्याकडे बघतील आणि मग मला बोलावंच लागेल. त्यांनी एकदाही बघितलं नाही.

त्यांची फिरती काढून घेतली आणि त्यांना मुरबाडला औषधांच्या खोलीत बसवलं. चौकशीनंतर व्हरांड्यात ते भेटले. मी नुसतं भाऊ म्हटलं. ते म्हणाले, "आता ते रगात वाया घालवू नको." आणि एस.टी. पकडायला गेले.

मी ते वाया घालवलं नाही. किंवा असं म्हणावं की कागदावर घालवलं नाही. रक्त घेतल्यापासून सातव्या दिवशी सुमनच्या रक्तातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या पसरून उभ्या होत्या, माझ्या तोवरच्या सगळ्या नमुन्यांत सगळ्यात देखण्या. त्यांना मेलेले जंतू खाऊ घातले आणि तिच्याच टी पेशींसमोर ठेवलं. सातव्या महिन्यातल्या रक्तात याच पेशींनी जेमतेम कुजबुज केली होती. आता त्यांनी असा निरोप दिला की टी पेशी पेटून उठल्या. चौकशी झाली त्याच्या आदल्याच दिवशी ते आकडे माझ्या हातात आले होते. बाई धावत आल्या, त्यांनी माझी पाठ थोपटली.

आता सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते आकडे बघताना मला कळलं होतं की खर्डीच्या पाड्यावर सुमनच्या हातात काय चाललं असेल. बशीत जे पेटलं होतं, ते तिच्या नसेत पेटत असणार. भाऊंच्या वहीतल्या तीन बायका मला पाठ होत्या. अशा वेळी नस वाचवायची तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या लगेच सुरू कराव्या लागतात, आठवड्यांचा उशीर चालत नाही. प्रयोगशाळेत फोन होता. शहापूरच्या कचेरीत फोन होता. मी स्वतःला सांगितलं, हा एकच नमुना आहे, एका नमुन्यावरून असं काही म्हणता येत नाही, पुन्हा करून बघायला हवं. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी चौकशीत भाऊ माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला तोंड उघडावं लागलं असतं, आणि एकदा उघडलेलं तोंड कुठे थांबलं असतं याची मला भीती होती.

पुढचं मला बाळारामकडून कळलं, वर्षभराने, शहापूरच्या स्टँडवर. तो मला ओळखूनही बोलला, हे त्याचं मोठेपण. भाऊंना फिरती नव्हती, पण रविवार होते. मुरबाडहून दोन एस.टी. बदलून ते खर्डीला जायचे. चौकशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी गेले तेव्हा सुमनची करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं होतं. त्यांनी तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू करवल्या, हात गळ्यात बांधला. नस थोडी वाचली. ती दोन बोटं वाकडीच राहिली.

आणि उरलेल्या दिवसांत, रजा टाकून, ते शेणव्याला जनीबाईच्या ओट्यावर जाऊन बसायचे. बाळाराम म्हणाला, भाऊ काही बोलायचेच नाहीत. पहिल्या खेपेला आईने त्यांना हाकललं. दुसऱ्या खेपेला पाठ करून बसली. तिसऱ्या खेपेला मूल रडत होतं, वरच्या दुधाने त्याचं पोट बिघडलं होतं, आणि आईने भिंतीकडे बघत विचारलं, ह्याला काय द्यायचं? भाऊ म्हणाले, त्याचं औषध खर्डीला हाय, तुमीच घेऊन चला, मी संगती येतो. ती त्या दिवशी गेली नाही. चार दिवसांनी गेली. मूल स्वतः कडेवर घेऊन, भाऊंच्या मागोमाग. एक दिवस म्हणून गेलेली म्हातारी तीन दिवस सुनेच्या माहेरी राहिली, कारण मूल अंगावर प्यायचं विसरलं होतं आणि त्याला पुन्हा लावायला वेळ लागला. पुढे बाळारामने खर्डीतच खोली घेतली. जनीबाई सणाला तिकडे जायची. सून मात्र त्या घरात परत गेली नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मी मुंबईत तिच्या पेशींना ठरल्या वेळी खाऊ घालत होते.

प्रबंध झाला. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. आभाराच्या पानावर मी संस्थेचे, बाईंचे, आईवडिलांचे आणि 'ठाणे जिल्ह्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांचे' आभार मानले. भाऊंचं नाव लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, हे कोण, आणि मला त्यांच्याबद्दल बोलावं लागलं असतं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मुरबाडच्या एका महाविद्यालयात मला व्याख्यानाला बोलावलं. कुष्ठरोगाचं वेगळं खातं तोवर सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळून गेलं होतं. घरोघर जाऊन चट्टे शोधणारी माणसं निवृत्त झाली होती किंवा दुसऱ्या कामाला लावली होती. मी प्रबंधाची एक प्रत बॅगेत घातली होती. ठरवून आले होते की भाऊंना शोधायचं आणि सगळं सांगायचं. कचेरीतल्या चौकशीबद्दल नव्हे, ते त्यांना ठाऊकच होतं. त्या आकड्यांबद्दल.

शोधावं लागलं नाही. दवाखान्याच्या मागच्या चिंचेखाली ते एका स्टुलावर बसले होते, निवृत्त होऊनही. समोर बाकावर एक म्हातारा, आणि त्याचा उजवा पाय पाण्याच्या घमेल्यात. असे बधिर झालेले पाय रोज भिजवून, टाचेची मेलेली कातडी घासून, तेल लावावं लागतं, नाहीतर भेगा पडतात आणि कळतही नाही. भाऊ दगडाने टाच घासत होते. केस सगळे पांढरे झाले होते. माझी चाहूल लागली तसं त्यांनी वर पाहिलं, हात ओले होते म्हणून नुसते हसले.

मी जवळ बसले. सुमन कशी आहे, विचारलं. ते म्हणाले, हात आहे तसाच आहे, पण भात लावते, पोरगा शाळेत जातो, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा सगळं नीट लक्ष ठेवून केलं. मग त्यांनी विचारलं, "तुज्या पुस्तकात सुमनचं काय लिवलंस?"

मी म्हटलं, तिचं नाव नाही भाऊ. नुसता नंबर आहे. रुग्ण सतरा.

त्यांनी टाच घासणं थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान दिसलं. "नाव नाय लिवलंस ते लय बरं केलंस, बाय. कोनाचंच लिवू नये."

बॅग माझ्या मांडीवर होती. मी चेनवर ठेवलेला हात काढून घेतला. जे सांगायला आले होते, ते त्या समाधानापुढे मला बोलवेना. ते त्यांना ऐकवलं नाही ही त्यांच्यावर केलेली दया होती की स्वतःवर, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं आणि उत्तर मला लगेच मिळालं होतं. म्हाताऱ्याने विचारलं, ह्या कोन, डाक्टरीन का? भाऊ म्हणाले, "आपलीच पोर हाय. सापगावची."

महाविद्यालयाची गाडी दारात आली, चालकाने हॉर्न दिला. मी उठले. भाऊंनी म्हाताऱ्याचा पाय घमेल्यातून काढून आपल्या गुडघ्यावर घेतला, खांद्यावरचा पंचा ओढला आणि बोटांच्या मधल्या जागा एकेक करून टिपायला लागले. गाडी वळताना मी मागे पाहिलं. त्यांनी घमेलं चिंचेच्या बुंध्याशी ओतलं होतं आणि नळावर ते पुन्हा भरत होते. म्हाताऱ्याचा दुसरा पाय अजून राहिला होता.